ज्यू युवक-क्लबांचा इतिहास कोणाच्या दप्तरातून? : लंडनच्या ईस्ट एण्डविषयक इतिहासलेखनाची एक चिकित्सा

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल, स्पिटलफील्ड्स आणि स्टेपनी या वस्त्यांना एकत्रितपणे 'ईस्ट एण्ड' असे संबोधले जाते. १८८१ ते १९१४ या काळात रशियन साम्राज्यातून व पूर्व युरोपच्या अन्य भागांतून निघालेले सुमारे सव्वा ते दीड लाख ज्यू ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांच्यातील फार मोठा गट या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने राहिला. शिवणकाम, टोप्या, पादत्राणे, सिगार, लाकडी सामान हे त्यांचे व्यवसाय आणि यिडिश ही त्यांची बोली. या स्थलांतरितांच्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जे युवक-क्लब निघाले, त्यांच्यावर आजवर बरेच लेखन झाले आहे. संस्थापकांची आत्मकथने, संस्थांचे शताब्दी-इतिहास आणि विद्यापीठीय प्रबंध असे त्याचे स्थूलमानाने तीन थर पडतात. या क्लबांचा समग्र इतिहास सांगणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. तो इतिहास ज्या प्रश्नाभोवती रचला गेला तो प्रश्नच मुळात कोणाचा होता, याची तपासणी येथे करावयाची आहे.

आरंभी काही ठळक तपशील नोंदविणे आवश्यक आहे. १८८६ साली लेडी मॅग्नस यांनी कामकरी ज्यू मुलींसाठी ईस्ट एण्डमध्ये क्लब सुरू केला. १८९३ मध्ये लिली माँटेग्यू यांनी वेस्ट सेंट्रल ज्यूइश गर्ल्स क्लब काढला. तो पूर्व लंडनमधला नव्हे, तर शिंपीकामाच्याच दुसऱ्या स्थलांतरित वस्तीतला, सोहोमधला होता. १८९५ मध्ये कर्नल आल्बर्ट गोल्डस्मिड यांनी ज्यूइश लॅड्स ब्रिगेडची स्थापना केली. १८९६ मध्ये रॉथशील्ड घराण्याच्या पुढाकाराने ब्रेडी स्ट्रीटचा कामकरी मुलांचा क्लब उघडला. १९१४ मध्ये ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेल्या बेसिल हेन्रिकेस या तरुणाने कॅनन स्ट्रीट रोडवर ऑक्सफर्ड अँड सेंट जॉर्जेस क्लब सुरू केला. १९२५ मध्ये मिरियम मोझेस यांनी ब्रेडीचा मुलींचा क्लब काढला. मोझेस स्वतः स्पिटलफील्ड्समध्ये वाढलेल्या होत्या आणि १९३१ मध्ये त्या स्टेपनीच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. या यादीत वस्तीतून वर आलेले हे एकच नाव. बाकीची मंडळी बाहेरून, म्हणजे लंडनच्या पश्चिम भागातील सधन व इंग्रजी संस्कारात मुरलेल्या ज्यू घराण्यांतून आलेली होती.

या घराण्यांना वाटणारी काळजी दुहेरी होती. वस्तीतील मुले रस्त्यावर भरकटतील ही एक. नवागतांच्या वेशभूषेमुळे, भाषेमुळे व दारिद्र्यामुळे ब्रिटिश समाजात ज्यूद्वेष वाढेल आणि त्याची झळ आपल्याही घरापर्यंत पोहोचेल ही दुसरी. १९०५ च्या एलियन्स अ‍ॅक्टने ही दुसरी भीती निराधार नव्हती हे दाखवून दिले. यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे इंग्रजीकरण. बेल लेनवरील ज्यूज् फ्री स्कूलमध्ये १९०० च्या सुमारास चार हजारांच्या घरात मुले शिकत असत. परंतु तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सुटली की मुलगा थेट कारखान्यात जाई. शाळेने केलेले काम निसटून जाऊ नये म्हणून क्लब हवा, अशी ही मांडणी होती.

गोल्डस्मिड यांच्या ब्रिगेडमध्ये हे सारे विशेष स्पष्टपणे दिसते. गणवेश, कवायत, उन्हाळी छावणी आणि घेट्टोतील जीवनाने वाकलेली पाठ सरळ करण्याची भाषा. महाराष्ट्रातील अभ्यासकाला येथे थोडे थबकावेसे वाटेल. हे आल्बर्ट गोल्डस्मिड १८४६ मध्ये पुण्यात जन्मले. इंदापूरच्या जमीनमोजणीमुळे आपल्याकडील महसूल-इतिहासात विंगेट यांच्या जोडीने ज्यांचे नाव येते, त्या मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील हेन्री गोल्डस्मिड यांचे ते पुत्र. घर ख्रिस्ती झालेले होते. सैन्यात अधिकारी झालेला मुलगा पुढे आपणहून ज्यू धर्माकडे परतला. १८९५ मध्ये थिओडोर हर्झल कार्डिफला त्यांना भेटावयास गेले, तेव्हा जॉर्ज एलियटच्या कादंबरीतील डॅनियल डेरोंडाशी त्यांनी स्वतःची तुलना केली, अशी हर्झल यांची नोंद आहे. ज्यूंना त्यांची भूमी परत मिळावी म्हणून झटणाऱ्या होवेवेई झिऑन संघटनेचे ते ब्रिटनमधील प्रमुख होते आणि नेमक्या त्याच वर्षी ते ज्यू मुलांना इंग्रज सैनिकाचा ताठ कणा देण्यासाठी ब्रिगेड उभारीत होते. त्यामुळे 'इंग्रजीकरण' या एका शब्दात संस्थापकांचाही हेतू पुरता मावत नाही.

सामाजिक नियंत्रणाचा सिद्धान्त

१९६० मध्ये लॉइड गार्टनर यांनी इंग्लंडमधील ज्यू स्थलांतरितांचा जो पहिला सविस्तर इतिहास लिहिला, त्याचा सूर सहानुभूतीचा होता. १९८० नंतर तो बदलला. बिल विल्यम्स यांनी मँचेस्टरसंबंधीच्या १९८५ च्या निबंधात 'सहिष्णुतेतील ज्यूद्वेष' अशी कल्पना मांडली. तुम्ही आमच्यासारखे झालात तर आम्ही तुम्हांला सहन करू, ही उदारमतवादी समाजाची अट होती आणि प्रस्थापित ज्यूंनी ती अट आपल्याच गरीब बांधवांवर शाळा, क्लब व ब्रिगेड यांच्यामार्फत लादली, असे त्यांचे प्रतिपादन होते. या निबंधाने अभ्यासक्षेत्राचे फार भले केले. आश्रयदात्यांच्या गौरवाची परंपरा त्याने मोडली. त्या अर्थाने तो निबंध आजही वाचनीय आहे.

तथापि या सिद्धान्तात एक उणीव राहून गेली. क्लबांनी मुलांना इंग्रज बनविले, असे संस्थापक अभिमानाने सांगतात. क्लबांनी मुलांना इंग्रज बनविले, असे टीकाकार खेदाने सांगतात. क्रियापदाचा कर्ता दोन्ही ठिकाणी तोच. मुलगा कर्मस्थानीच राहतो. एकाच विधानाची फक्त किंमत बदलते, विधान बदलत नाही. असे का व्हावे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे कारण साधनांमध्ये आहे. दोन्ही पक्ष वाचतात ती कागदपत्रे तीच आहेत : समित्यांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, संस्थापकांची पुस्तके. यांतील बराच ऐवज आज साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या हार्टली ग्रंथालयात व्यवस्थित जतन केलेला आहे आणि त्याविषयी कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. परंतु वार्षिक अहवाल हा एक वाङ्मयप्रकारही आहे. त्याचा वाचक म्हणजे देणगीदार. क्लबात येण्यापूर्वीचा मुलगा जितका मळकट, हूड व कुबडा दिसेल, तितका क्लबानंतरचा मुलगा उजळ दिसेल आणि तितकी पुढील वर्षाची वर्गणी निश्चित होईल. हा अहवाल पुरावा म्हणून वाचताना तो कोणाकडे काय मागत होता हे विसरून चालत नाही. महाविद्यालयांत अहवाललेखनाचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

हेन्रिकेस : एक वाचन

या दृष्टीने हेन्रिकेस यांची दोन पुस्तके महत्त्वाची ठरतात. 'क्लब लीडरशिप' १९३३ चे, तर 'दि इन्डिस्क्रीशन्स ऑफ अ वॉर्डन' १९३७ चे. पहिले मार्गदर्शनपर, दुसरे आठवणींचे. अ‍ॅलेक्झांडर पॅटर्सन यांच्या १९११ मधील 'अ‍ॅक्रॉस द ब्रिजेस' या दक्षिण लंडनच्या दारिद्र्याविषयीच्या पुस्तकाचा आणि बर्मंडसीतील ख्रिस्ती मिशनच्या कार्याचा हेन्रिकेस यांच्यावर खोल संस्कार होता. गरिबांमध्ये जाऊन राहावे, केवळ देणगी देऊन थांबू नये, ही निष्ठा त्यांनी आयुष्यभर पाळली. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या पहिल्याच तुकडीत होते, १९१६ मध्ये जखमी झाले आणि नंतर पुन्हा वस्तीत परतले. पत्नी रोझ यांच्यासह त्यांनी तेथेच संसार केला. मुले त्यांना 'गॅफर' म्हणत. कामगारांच्या बोलीत गॅफर म्हणजे मुकादम. या टोपणनावात माया आहे, पण मुकादमालाच मुकादम म्हणण्यातला मिस्कीलपणाही आहे. चरित्रकारांना यातली माया तेवढी दिसली, असे म्हणावे लागते.

त्यांच्या लेखनातील खरी धग धर्माविषयी आहे. क्लबाच्या दिवसाची सांगता प्रार्थनेने व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये त्यांनी उदारमतवादी व सुधारणावादी अशा दोन्ही पंथांच्या साहाय्याने सेटलमेंट सिनेगॉग स्थापन केले. तेथील इंग्रजी प्रार्थना आणि एकूण धाटणी वस्तीतील कर्मठ पालकांना परकी वाटणे स्वाभाविक होते. या मुलांना काहीच धर्म उरलेला नाही, आम्ही त्यांना तो परत देत आहोत, अशी हेन्रिकेस यांची भूमिका होती. येथे वाचकाला प्रश्न पडावा. ज्या गल्ल्यांत खोल्याखोल्यांतून लहान-लहान प्रार्थनास्थळे भरत होती, त्या गल्ल्यांत धर्म नव्हता? १८८७ मध्ये सॅम्युएल माँटेग्यू यांनी स्थलांतरितांच्या अशाच छोट्या सिनेगॉगांचा महासंघ बांधला होता, तो काही रिकाम्या जागेवर नव्हे. हेन्रिकेस यांना वडिलांचा धर्म दिसत होता, पण तो त्यांना धर्म वाटत नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. म्हणूनच हा दृष्टिदोष अभ्यासनीय ठरतो.

आणि परिणाम काय झाला? हेन्रिकेस झिऑनवादाचे कडवे विरोधक होते. ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नव्हे, या मतासाठी त्यांनी १९४० च्या दशकात ज्यूइश फेलोशिपमध्ये पुढाकार घेतला. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेनंतर ती विसर्जित झाली. तोवर वस्तीतील तरुणांपैकी अनेक जण झिऑनवादाकडे किंवा साम्यवादाकडे वळलेले होते. क्लबने त्यांना 'घडविले' असे मानावयाचे तर संस्थापकाला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टींतच ही घडण फसली, हे मान्य करावे लागते.

४ ऑक्टोबर १९३६ चा दिवस या संदर्भात मोलाचा आहे. ओस्वाल्ड मोस्ली यांच्या फॅसिस्टांनी ईस्ट एण्डमधून मोर्चा नेण्याचे ठरविले, तेव्हा ज्यू समाजाच्या अधिकृत नेतृत्वाने लोकांना घरी थांबण्याचे आवाहन केले. प्रत्यक्षात प्रचंड जमाव रस्त्यावर आला, केबल स्ट्रीटवर अडथळे रचले गेले आणि मोर्चा माघारी फिरला. हेन्रिकेस यांचा पहिला क्लब ज्या कॅनन स्ट्रीट रोडवर निघाला होता, तो रस्ता केबल स्ट्रीटला छेदून जातो. साम्यवादी कार्यकर्ते फिल पिरॅटिन (१९४८) आणि जो जेकब्स (१९७८) यांच्या आठवणी या दिवसाविषयी तपशिलाने बोलतात. जेकब्स तर पक्षाच्या आरंभीच्या चालढकलीवरही टीका करतात. त्यांच्या पुस्तकात सायंकाळ घालविण्याच्या जागा म्हणून सभा, नृत्ये, सहली, चर्चामंडळे येतात. तीही 'युवक-क्लब'च नव्हेत का?

कोणता क्लब 'क्लब' ठरतो

हा प्रश्न शाब्दिक नाही. १८८५ मध्ये बर्नर स्ट्रीटवर, चाळीस क्रमांकाच्या घरात, इंटरनॅशनल वर्किंग मेन्स एज्युकेशनल क्लब निघाला. तो समाजवादी व अराज्यवादी विचारांच्या ज्यू कामगारांनी स्वतः चालविलेला होता. 'आर्बेटर फ्रेंट' हे यिडिश नियतकालिक तेथून निघे. व्याख्याने, नाटके, गाणी, नृत्य हे सारे तेथे चाले. १८८८ मध्ये त्याच्या लगतच्या आवारात एलिझाबेथ स्ट्राइडचा खून झाला, म्हणून गुन्हेकथांच्या वाचकांना हा पत्ता माहीत असतो. पुढे १९०६ मध्ये ज्युबिली स्ट्रीटवर तशाच विचारांचा दुसरा क्लब उघडला. जन्माने ज्यू नसलेले, पण यिडिश शिकून त्या भाषेत संपादन करणारे जर्मन अराज्यवादी रुडॉल्फ रॉकर त्याचे प्राण होते. प्रौढांचे शिक्षण, ग्रंथालय, लहान मुलांसाठी रविवारची शाळा अशी कामे तेथे होत आणि दार कोणालाही उघडे असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे पर्व संपले.

या दोन्ही क्लबांचा इतिहास विल्यम फिशमन यांनी 'ईस्ट एण्ड ज्यूइश रॅडिकल्स' (१९७५) या ग्रंथात आत्मीयतेने लिहिला आहे. परंतु तो 'राजकीय इतिहास' या कप्प्यात पडला. युवक-क्लबांच्या इतिहासात आले ते केवळ आश्रयदात्यांचे क्लब. संस्थापकांनी जी विभागणी केली, क्लब म्हणजे चारित्र्यसंवर्धन आणि बाकीचे म्हणजे चळवळ, ती इतिहासकारांनी न तपासता स्वीकारली. १९३० मध्ये हेन्रिकेस यांचे काम बर्नहार्ड बॅरन सेटलमेंट या मोठ्या वास्तूत स्थलांतरित झाले. ती वास्तू होती त्याच बर्नर स्ट्रीटवर. १९६१ मध्ये हेन्रिकेस निवर्तले आणि रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. आज तेथे हेन्रिकेस स्ट्रीट अशी पाटी आहे. कामगारांच्या क्लबाची जागा शाळेच्या आवारात गेली आहे.

अलीकडील संशोधनाने परिस्थिती काहीशी सुधारली आहे. रोझलिन लिव्हशिन यांनी मँचेस्टरच्या मुलांविषयी लिहिताना मौखिक साक्षींचा आधार घेतला. जेरी व्हाइट यांचे 'रॉथशील्ड बिल्डिंग्ज' (१९८०) हे एका चाळवजा इमारतीचे रहिवाशांच्या तोंडून उभे केलेले चित्र आहे. शर्मन कदीश यांचा ब्रिगेडवरील ग्रंथ (१९९५) शताब्दीनिमित्ताचा असूनही गौरवग्रंथ झालेला नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्याची चौकट अर्थातच संस्थेची आहे. डेव्हिड डी (२०१३) यांनी क्रीडेच्या अंगाने आणि सुसान टॅननबॉम (२०१४) यांनी स्त्रिया व मुले यांच्या अंगाने केलेला अभ्यास अधिक मोकळा आहे.

क्रीडेचे उदाहरण घेऊ. संस्थापकांना खेळातून इंग्रजी खिलाडूवृत्ती रुजवावयाची होती. मुलांना मुष्टियुद्ध आवडले. रिंगणात उतरला तो ज्यू म्हणूनच उतरला. पुढे जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या टेड 'किड' लुइसची सुरुवात ईस्ट एण्डमधील जुडियन क्लबातच झाली. रॉथशील्डांच्या किंवा हेन्रिकेसच्या अपेक्षेतला सभ्य हौशी खेळाडू तो नव्हता. तो पैशासाठी लढणारा व्यावसायिक होता आणि वस्तीचा नायक होता. क्लबाने दिलेल्या साधनाचा उपयोग वस्तीने स्वतःच्या रीतीने केला, असे म्हणणे येथे 'इंग्रजीकरणा'पेक्षा अधिक नेमके होईल. शनिवारचा प्रश्नही असाच. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा दिवस शनिवार आणि ज्यूंचा विश्रांतिदिनही शनिवार. चेंडू खेळायचा की नाही, हे समितीच्या ठरावाने सुटणारे नव्हते. प्रत्येक घरात ते वेगळे सुटले.

मुलींच्या बाबतीत साधने आणखी तुटपुंजी आहेत. लिली माँटेग्यू यांचे 'माय क्लब अँड आय' (१९४१) हे पुस्तक हेन्रिकेस यांच्या पुस्तकांपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यातही वरून पाहण्याची दृष्टी आहेच. परंतु शिवणकाम आणि प्रार्थना यांपासून सुरू झालेल्या क्लबात मुलीच कारखान्यातील तास, वेतन आणि दंड यांच्या कहाण्या घेऊन आल्या आणि लक्षाधीश बँकरच्या या कन्येला श्रमविषयक कायद्यांच्या चळवळीत ओढून नेते झाल्या. येथे संस्कार कोणी कोणावर केला? मुलीने सायंकाळी एकटीने घराबाहेर पडणे ज्या कुटुंबांना मान्य नव्हते, तेथे 'क्लबात जाते' हे उत्तर चालत असले पाहिजे, असाही तर्क करता येतो. अहवालांत तो कोठेच लिहिलेला नसणार, हे उघड आहे.

मुंबईचा धागा

माँटेग्यू यांच्या कार्याचा एक पदर थेट मराठीभाषक ज्यूंपर्यंत येतो. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल समाजातील. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. लंडनमध्ये माँटेग्यू यांच्या उदारमतवादी धर्मविचाराशी त्यांचा परिचय झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. ईस्ट एण्डमध्ये जो विचार आश्रयदात्याच्या हातून खाली उतरत होता, तोच येथे समाजातील एका स्त्रीने स्वतः निवडून आणला. दुसरा धागा नागपाड्याचा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे सेटलमेंटच्या धर्तीवर नेबरहूड हाऊस चालविले आणि १९३६ मध्ये टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, त्या कामातूनच उभी राहिली. नागपाडा-भायखळ्याच्या त्या मिश्र वस्तीत ज्यू कुटुंबेही राहत असत. मॅनशार्ट यांचे लेखन उपलब्ध आहे. त्या अंगणात खेळलेल्या मुलांनी त्या वास्तूविषयी काय म्हटले, याचा शोध आपल्याकडील समाजशास्त्र व इतिहास विभागांनी घ्यावयास हवा, आणि तोही लवकर.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने ईस्ट एण्डमधील ज्यू वस्ती विखुरली. त्यानंतरच्या दशकांत कुटुंबे शहराच्या उत्तर व वायव्य उपनगरांकडे सरकली, क्लबांची सदस्यसंख्या घटली आणि १९७० च्या दशकात बर्नहार्ड बॅरन सेटलमेंट बंद झाले. त्याच घरांत आता सिल्हेटहून आलेली बंगाली कुटुंबे राहू लागली होती. ब्रिक लेनवरील १७४३ चे ह्युगेनॉट प्रार्थनामंदिर १८९८ मध्ये सिनेगॉग झाले होते. ते १९७६ मध्ये मशीद झाले. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्यानंतर वस्तीत ज्या युवक-संघटना जोमाने पुढे आल्या, त्या बंगाली तरुणांनीच उभ्या केल्या होत्या. त्यांच्यामागे कोणी रॉथशील्ड नव्हता. त्यामुळे छापील वार्षिक अहवालांची रांगही त्यांच्यामागे फारशी नाही. स्वाधीनता ट्रस्टने २००६ मध्ये तीन पिढ्यांच्या बंगाली रहिवाशांच्या मौखिक आठवणी संकलित करून प्रकाशित केल्या. ब्रेडी क्लबाची हॅनबरी स्ट्रीटवरील १९३५ ची वास्तू टॉवर हॅम्लेट्स नगरपालिकेचे कलाकेंद्र झाली. जुने नाव मात्र तिच्यावर कायम राहिले.